पाणी सुटलं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची सगळी अक्कल एका वाक्यात मावते: शंका आली की बंद. आवाज वेगळा आला, बंद. दार अडखळलं, बंद. लोक जिने चढताना शिव्या देतात, देऊ देत बापडे, जिवानिशी जात तर नाहीत. आपल्या या मिस्त्रीनं जन्मभर हेच केलं आणि त्याच्या लिफ्टमध्ये कधी कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेली आई म्हणजे लिफ्ट नव्हे, हे त्या शहाण्याला कुणी सांगायचं?

पोटाच्या ऑपरेशननंतर आईची अन्नावरची वासनाच उडाली होती. सूप, कुस्करलेला बटाटा, फळांचा रस, सगळं ओठांपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आता पोटात जंतू गेले तर ती उठायची नाही. आणि आज दुपारपर्यंत तोंडानं काही गेलं नाही, तर नर्स येऊन नाकातून नळी घालेल. मिस्त्रीच्या वडलांचे शेवटचे दिवस तसल्याच नळीवर गेले होते. आईनं त्याचं मनगट धरून सांगितलं होतं, "काहीही कर, पण मला नळी नको." तो हो म्हणाला होता.

काल संध्याकाळी तिनं आपणहून एक शब्द उच्चारला, दही. मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं. ताईला फोन करकरून विचारत त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दूध विरजलं. पण स्वस्थ बसेल तर शपथ. लागलं का, लागलं का, म्हणून सारखं भांडं हलवून बघायचं, चमचा खुपसून बघायचा. सकाळी झाकण काढलं तर दही लागलं होतं खरं, पण मधल्या खड्ड्यात पिवळसर पाणी साचलेलं. नासलं असेल तर? आईनं उभ्या जन्मात हजारदा दही लावलं होतं. म्हणून तो भांडं घेऊन तिच्याकडेच गेला.

ती भांड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग आवंढा गिळून पुटपुटली, "पाणी सुटलं."

झालं! शंका आली की बंद. त्यानं सगळं दही मोरीत ओतलं आणि वर नळ सोडला. आईनं हात उचलायचा प्रयत्न केला होता, तो त्याला 'फेकून दे' असाच वाटला. परत आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बरं झालं बाई तू सांगितलंस, असंही वर म्हणाला तो. कर्म, दुसरं काय!

आता काय करू, म्हणून त्यानं ताईला फोन लावला. ताई आधी करवादलीच. भांडं हलवलं, चमचा घातला, तर पाणी सुटणारच की. ते दह्याचंच पाणी, ढवळून खायचं. बुरशी असती, गुलाबी-हिरवे डाग असते, घाण वास येत असता तर फेकायचं. तसं होतं का काही? नव्हतं. पण आईच म्हणाली ना, पाणी सुटलं म्हणून.

ताईनं हळू आवाजात विचारलं, "दह्याला, का तोंडाला?"

मिस्त्री चप्पल न घालता धावत सुटला. जिन्यात नर्स भेटली, हातात पिशवी. तिच्यापुढे त्यानं हात जोडले, थोडं थांबा म्हणाला. ती भली बाई, पुढचे पेशंट ताटकळत ठेवून थांबली. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं दही आणलं. त्यावरही पाणी होतं. त्यानं ते ढवळलं आणि चमचा आईच्या ओठांशी नेला.

"आई, दही. आ कर."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"भूक मेली रे," ती म्हणाली.

त्यानं विनवण्या केल्या. गालावरून हात फिरवला. पोराला दाखवतात तसा एक चमचा स्वतः खाऊन दाखवला. ओठ उघडले नाहीत. नर्सनं वाट पाहायची तेवढी पाहिली, आणि मग हातमोजे चढवले.

"त्यांचे हात धरून ठेवा," ती म्हणाली, "नाहीतर ओढून काढतील."

त्यानं धरले.