श्रुतिकाची चुकलेली तपासणी

रखमाला त्या दिवशी लेकीचा आणि दिराचा सारखाच वैताग आला होता. लेक खरी होती, दीर मोठा होता, आणि गावच्या उत्सवाची पंगत चार दिवसांवर आली होती.

लेक श्रुतिका महाडच्या एमआयडीसीत, औषधांच्या कंपनीत पाणी तपासायची आणि बिरवाडीला खोली घेऊन राहायची. सुट्टीला पोलादपूरच्या वर आपल्या वाडीत आली, तर देवळामागच्या विहिरीचं पाणी पिणारी पाच-सहा पोरं जुलाबानं आडवी झालेली. तिनं बाटली भरून कंपनीत नेली, पाणी तपासून परत आली आणि निकाल थेट गावाच्या ग्रुपवर टाकला: पाण्यात मैल्याचे जंतू आहेत, वरच्या अंगाला हैबतीकाकांच्या संडासाचा शोषखड्डा आहे, तो हलवावा. हैबती म्हणजे रखमाचा थोरला दीर आणि गावकीचा पुढारी. त्याच्या शब्दाशिवाय वाडीत बारसंही ठरत नसे.

ग्रुप पेटला. राहुल पुतण्यानं डोंबिवलीत बसून 'सत्यापुढे सगळे सारखे' असं लिहिलं. त्याला काय, तो मशीनचं पाणी पितो. गावातल्या जाणत्यांनी लिहिलं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची आपल्यात पद्धत नाही. विहिरीचा रहाट दोन दिवस बांधून ठेवावा, एवढं मात्र दोन्हीकडच्या एकाही शहाण्याला सुचलं नाही.

"आधी काकांच्या कानात सांगायचं गो," रखमा म्हणाली.

"दोनदा सांगितलं आई. हसले. पन्नास वर्षं पितोय म्हणाले."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं."

"आणि तोवर पोरांनी काय प्यायचं?"

रखमा आणखीच चिडली. डोईवर पदर घेऊन दिराकडे गेली. हैबती ओटीवर बसला होता.

"खड्डा हलवीन मी. एका दिवसाचं काम हाय," तो म्हणाला. "पण आता हलवला तर गाव म्हणंल, पोरीनं हैबतीला वाकवलंन. मग उद्या कोण कुणाचं ऐकायचं नाय. तिनं आधी लिवायचं, तपासणी चुकली."

"आणि पोरांच्या पोटाचं काय भावोजी?"

"म्हणून तर सांगतोय, लवकर लिवायला लाव."

दोघंही मोडेन पण वाकणार नाही अशी. रखमानं संध्याकाळभर लेकीच्या मागे टुमणं लावलं. गाव करील ते राव काय करील, असं ऐकवलं. शेवटी म्हणाली, "तुझं खरं काय पंगतीत वाढायचंय? पोरं वाचली म्हंजे झालं."

श्रुतिकानं फोन हातात घेतला. "खड्डा नक्की हलेल?"

"हलंल. मी हाय ना."

तिनं लिहिलं: 'माझी तपासणी चुकली. काकांची माफी मागते.' हैबतीनं ते चष्मा लावून देवळात मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी दहा माणसं लागली, खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला गेला, विहीर उपसून जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली. उत्सवासाठी साफसफाई, असं हैबती सांगत होता. पंगत उठली, कुणाचं पोट बिघडलं नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं रखमाला वाटलं.

पुढच्या सुट्टीत श्रुतिका शेजारच्या बनुबाईला म्हणाली, गावच्या टाकीचं पाणी उकळून प्या. बनुबाई हसली. "तुझी तपासणी चुकते ना गो?" श्रुतिकानं आईकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

दुपारी हैबती मागच्या दारानं आला. टॉवेलात बाटली गुंडाळलेली.

"आमच्या बोअरचं पाणी हाय. नातू पितो. बघशील गो जरा? ग्रुपवर नको टाकूस."

म्हणजे तिची तपासणी खरी, हे याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रखमाची तळपायाची आग मस्तकात गेली. श्रुतिकानं पुढे केलेला हात तिनं धरला.

"तिची तपासणी चुकते भावोजी. तुमीच वाचलंत देवळात."

"अगो, ते गावासाठी."

"मग गावासाठीच परत वाचा, तिचं खरं होतं म्हणून. मग आणा बाटली."

हैबतीनं गल्लीकडे नजर टाकली, बाटली टॉवेलात गुंडाळली आणि निघून गेला.

"आई, पोर पितंय ते पाणी," श्रुतिका म्हणाली.

रखमानं कपाळावर हात मारला. शहाणपण एका घरात आणि मान दुसऱ्या घरात, आणि मधे धावायचं आपण. अनवाणीच बाहेर पडली. हैबती देवळाच्या पारापर्यंत पोचला होता. तिथे जाणती मंडळी बसली होती, बनुबाई हंडा घेऊन उभी होती. तीस वर्षांत रखमा दिरासमोर मोठ्यानं बोलली नव्हती.

"भावोजी," तिनं पारावर ऐकू जाईल अशी हाक मारली, "श्रुतिकाकडनं तपासून घ्यायला आणलेलं पाणी तसंच घेऊन चाललात. द्या ती बाटली."

हैबतीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, टॉवेल सोडला आणि बाटली तिच्या हातात दिली.