सभाघराच्या छपरातली चार हात दोरी

उएलेसेकाका खटला जिंकले. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही असं समजून पहिल्यापासून सांगतो. काकाही तसंच समजतात.

"पातं माझं आहे," शेजारचा मालाकी भर सभेत म्हणाला. "पात्याशिवाय कोयता म्हणजे काय?"

"मुठीशिवाय पातं म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

सगळे मताई, म्हणजे गावातले कुळांचे प्रमुख, विचारात पडले. विचारात पडले की ते मांडीवर काथ्या घेऊन दोरी विणतात. पडले नाहीत तरी विणतात.

काकांचं पातं तुटलं तेव्हा मालाकीनं आपलं दिलं होतं. उसनं की कायमचं, ते दोघांनाही आठवत नव्हतं. मग त्याच्या डुकरानं आमचा तारो, म्हणजे अळूचे कंद, उकरला, भांडण झालं आणि मालाकीला एकदम आठवलं.

मुठीवरची दोरी मात्र काकांच्या भावानं, फालानिकोनं विणलेली. म्हणजे माझ्या वडिलांनी. ते सभेत पेंगायचे, म्हणून दर वितीला वीण सैल पडून फुगवटा आलेला. त्या फुगवट्यांमध्ये काकांची बोटं नेमकी बसायची.

"ही घाम पिते," काका सांगत होते. "पावसात सटकत नाही, हात सोलत नाही. प्लास्टिकची मूठ धरून बघ, कोयता उडून तुझ्या डुकरापर्यंत जाईल."

"डुकराचं नाव काढू नकोस!"

वडील गेल्यावर गावात इतकं चांगलं पेंगणारं कुणी उरलं नव्हतं.

"सोडवा ती मुठीवरची दोरी," मताईंतले म्हातारे आसियाता म्हणाले. "ज्याचं त्याला."

दोरी उलगडली. तपासायला हातोहात फिरली. फालानिकोचीच, यावर एकमत झालं. पातं मालाकीचं, दोरी उएलेसेची!

"मग द्या," काका म्हणाले.

सगळ्यांनी आपापल्या मांडीवर पाहिलं. प्रत्येकापुढे दोरीचा गुंडा होता. कुणाच्या तरी हातांनी सवयीनं ती आपल्या दोरीला पुढे जोडून विणून घेतली होती. कुणाच्या, ते त्या हातांच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. आणि मताईचा गुंडा उलगडायला सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावर टपली मारण्यासारखं.

पुढच्या आठवड्यात सगळे गुंडे नव्या सभाघराचं छप्पर बांधायला गेले.

मालाकी पातं परत घेऊन आला. "ठेव दादा. मला तरी काय करायचंय?"

काकांनी ते नुसत्या लाकडात बसवलं. हाताला फोड येतात. दुसरी दोरी गुंडाळू देत नाहीत. सभेत सगळे खाली बघून विणतात, काका वर बघत बसतात.

काल त्यांनी मला अर्ज सांगितला. मी लिहिला तो असा:

'सभेस विनंती की, सभाघराचे छप्पर एकवार संपूर्ण उलगडून त्यातील सैल विणीची चार हात दोरी अर्जदारास परत मिळावी. निर्णय होईपर्यंत छपरातील सैल दिसणारी कोणतीही दोरी कोणीही घट्ट करू नये.'