घर टेकडीवर न्यायचं होतं तेव्हा

मी एक प्रॉम्प्ट बोलतोय. माणसाला काय हवं ते चॅटबॉटला सांगणारा मजकूर. ओतिलियाबाईंच्या फोनवर जन्मलो तेव्हा जेमतेम एका ओळीचा होतो : ‘घर हलवायचंय, लोकांना बोलव.’

चिली देशातल्या आमच्या चिलोए बेटावर समुद्र किनारा खात सुटला होता. बाईंच्या लाकडी घराच्या पायरीला पाणी लागलं होतं. हिवाळ्याआधी ते अख्खं घर बैलांनी ओढून टेकडीवर न्यायला हवं होतं. पण गावातली तरुण पोरं मासळीच्या कारखान्यांत गेलेली. आसपासच्या बेटांवर रेडिओवरून निरोप द्यायचा, एवढाच मार्ग होता.

त्या निरोपासाठी चॅटबॉटचं पहिलं उत्तर आलं. भाची यास्नानं वाचलं, “सन्माननीय नागरिकहो, या पवित्र कार्यात…”

“अगं, माझं घर हलवायचंय की चौकात पुतळा बसवायचाय?” बाई म्हणाल्या.

“आत्या, त्याला बिचाऱ्याला काय माहीत? ऐकणार कोण, ते तर सांग.”

“बटाटे काढणारी, जाळी विणणारी माणसं. लांबण लावू नकोस म्हणावं.”

यास्नानं ते माझ्यात घातलं. दुसरं उत्तर आटोपशीर आलं, पण त्यात ‘एकाकी वृद्धेला आधार द्या’ होतं. बाई उसळल्या, “मी भीक मागतेय का? पोटभर जेवण घालणार आहे, वर सफरचंदाची दारू!”

यास्ना हसत सुटली. बाई जे बोलल्या ते तिनं जसंच्या तसं नमुना म्हणून लिहिलं आणि खाली जोडलं : ‘असं बोल. रडगाणं नको.’

मग रेडिओवर ऐकू आलं, “ओतिलियाचं घर शनिवारी टेकडी चढणार आहे. बैल आणा, दोर आणा, आणि घरून जेवून येऊ नका.”

शनिवारी दाट धुकं होतं. बाई दारात उभ्या. “कुणीच नाही आलं तर गं?” तेवढ्यात पाण्यावर होड्यांची घरघर ऐकू आली. एकामागून एक.

संध्याकाळी घर टेकडीवर होतं. बाई रस्सा वाढत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

पुढे मी गावभर फिरलो. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या हरवलेल्या गाईसाठी. दर वेळी नावं बदलली, बाईंचं बोलणं तसंच राहिलं. आता बाई नाहीत. यास्ना अधूनमधून मला उघडते, काहीच न विचारता वाचते आणि बंद करते.

तुम्हीही मला खुशाल घ्या. फक्त बाईंचं बोलणं पुसाल, तिथं तुमच्या माणसाचं लिहा. त्याच्याजवळ बसून, ते माणूस बोलतंय तोवर.