उसनी देवी

सासूबाईंनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, तेव्हाच मी ओळखलं की त्यांनी प्रार्थना सोडली आहे.

आमचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. त्यांनी कापायचं आणि मी शिवायचं, ही वाटणी मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. कापडाला कात्री लावण्याआधी त्या डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते झाल्याशिवाय कात्री जागची हलायची नाही. मला सुरुवातीला याचा भयंकर राग यायचा. पुढे अशी सवय झाली की त्यांचं पुटपुटणं झाल्याशिवाय मलाच चैन पडेना.

बाह्या टेबलावर पसरून मी म्हटलं, "आई, या माणसाला दोन्ही हात डावेच आहेत का?"

त्या हसल्या नाहीत. "जमत नाही गं," म्हणाल्या. "डोळे मिटले की माझा बाप दिसतो."

त्यांच्या धर्मात देवाला रूप नाही, पण त्याला बाप म्हणायची रीत आहे. जन्मभर त्यांनी देवाला याच नावाने हाक मारली आणि कधी काही अडलं नाही. पण छातीतल्या झडपेचं ऑपरेशन ठरलं आणि तेव्हापासून बाप म्हटलं की त्यांना स्वतःचाच बाप आठवायला लागला. दारात उभा, कमरेचा पट्टा सोडत असलेला.

"मग नका करू प्रार्थना. काय बिघडतंय?" माझा नवरा म्हणाला. तो विजेची कामं करतो आणि देवाच्या भानगडीत पडत नाही.

"अरे, साध्या कापडाला मी प्रार्थनेशिवाय कात्री लावत नाही. आणि मला कात्री लावायची ती तशीच लावू देऊ? मी नाही जायची."

ऑपरेशनची एक तारीख त्यांनी अशीच घालवली होती. ही दुसरीही घालवली तर पुढचं मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मी हबकलेच. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींच्या चुका काढतो, पण त्यांच्याशिवाय ती खोली मला नको होती.

"मग आई म्हणा देवाला," मी म्हटलं. "माझ्या माहेरी देवीला आईच म्हणतात."

"असं कसं आपल्या मनाने बदलायचं?"

म्हणून मीच त्यांना त्यांच्या प्रार्थनाघरातल्या धर्मगुरूंकडे घेऊन गेले. मला वाटलं, आता हे आम्हाला हाकलून देणार. पण ते म्हणाले, देव पुरुष नाही आणि बाईही नाही, आपण आपल्या सोयीने हाक मारतो. आपल्या जुन्या प्रार्थनांत तर तो लेकराला अंगावर पाजतोसुद्धा. तुमचं मन जिथे टेकेल ते म्हणा.

घराशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "परवानगी तर मिळाली. पण डोळ्यांपुढे आणू कोणाला? माझी आई मला कळायला लागायच्या आतच गेली." मग म्हणाल्या, "तुझी देवी दे की चार दिवस उसनी."

माहेरून आणलेली तसबीर मी कपाटातून काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरली.

"बाई गं! एवढी हत्यारं तर डॉक्टरीणबाईंकडेही नसतील. आणि ही एवढी चिडलीय कोणावर?"

"चिडली नाहीये, आपलं रक्षण करतेय," मी म्हटलं खरं, पण मला ते ठासून म्हणता आलं नाही. माझ्या आईचा हात लगेच उठायचा आणि देवीला तर इतके हात! लहानपणापासून मी तिला वचकूनच आहे, नमस्कारसुद्धा जरा लांबूनच करते. हे ऐकून सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली.

"म्हणजे तुझ्या देवीचंही माझ्या बापासारखंच झालं की," म्हणत त्यांनी तसबीर पुसून मला परत दिली. देवीचा प्रश्न असा निकालात निघाला आणि आम्ही होतो तिथेच राहिलो.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्यासाठी तिथे घालायला पुढून उघडणारा गाऊन शिवायला घेतला. जायचं की नाही हे त्या अजून सांगत नव्हत्या. मी विचारलंही नाही, नुसतं आरशासमोर उभं राहायला सांगितलं. गावच्या बायांची मापं घेण्यात जन्म गेलेला, पण स्वतःचे कपडे त्या नेहमी अंदाजाने कापायच्या. आज पहिल्यांदाच त्यांचं माप दुसऱ्या कोणाच्या हातात होतं. मी कच्चा गाऊन त्यांच्या अंगावर चढवला आणि खांद्यापासून टाचत खाली निघाले. एवढ्या दमदार बाईचा खांदा हाताला केवढासा लागत होता!

"घाबरलेय गं मी," त्या म्हणाल्या. "येईन ना मी परत? टाके फार दुखत असतील का?"

मी त्यांचा हात जरा वर उचलला आणि काखेतलं कापड सारखं केलं.

"अगं, मी काय विचारतेय? बोल की काहीतरी."

मी बोटाने तोंडाकडे खूण केली. ओठांत टाचण्या होत्या.

त्या आरशात माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. एवढा वेळ तर कुठल्याच गिऱ्हाइकाला थांबावं लागलं नसेल. मी हात चालू ठेवला. थांबले असते तर मला रडूच आलं असतं.

त्यांनी डोळे उघडले.

"बाप नव्हता आज," त्या म्हणाल्या. "ती होती. चेहरा नाही दिसला, खाली वाकून माझ्या कामात होती. मी इतकं विचारलं, पण एक शब्द बोलली नाही." मग स्वतःशीच हसल्या. "बोलणार कशी? तिच्याही तोंडात टाचण्या असणार."

त्यांनी खांदे सैल सोडले आणि दुसरा हात आपणहूनच वर केला.

"सकाळी लवकर उठव मला," म्हणाल्या. "उशीर नको व्हायला."