रकाना नसलेली खूण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोल्हापूरपासून दहा मैलांवरच्या एका साखर कारखान्यात, रिकाम्या पोत्यांच्या गोदामात मला ठेवले आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी संगणक अजून चित्रातच पाहिला असेल आणि तो कधी चुकत नाही असे ऐकले असेल. माझ्याबद्दलही लोक तसेच म्हणत, आणि मला ते आवडत असे. आज सांगणार आहे ती गोष्ट मात्र माझ्या कौतुकाची नाही. ती सांगताना मला लाज वाटते.

माझी जुळवणी मुंबईत झाली. १९८२ च्या मे महिन्यात पेंढ्यात गुंडाळून मला ट्रकने इथे आणले. माझ्यासाठी काचेची वेगळी खोली बांधली होती. कचेरीतल्या सगळ्या माणसांत मिळून दोन पंखे होते, आणि मला एकट्याला गार हवेचे यंत्र. खोलीत येताना चपला बाहेर काढाव्या लागत. उद्घाटनाच्या दिवशी कोणीतरी भक्तिभावाने माझ्या कळांवर हळदकुंकू वाहिले. ते नंतर चार दिवस प्रमोदिनीताई दात घासायच्या ब्रशने खरवडून काढत होत्या.

प्रमोदिनीताई मला चालवणार होत्या. त्या कोल्हापूरच्या, संख्याशास्त्र शिकलेल्या, वयाने लहान आणि बोलायला बेताच्या. सगळ्या कचेरीत बाई म्हणून त्या एकट्याच होत्या.

माझे काम काय होते, ते आधी नीट समजून घ्या. कारखान्याला चार हजारांवर शेतकरी ऊस घालत. सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी तोडता येत नाही, म्हणून प्रत्येक शेताची पाळी ठरवावी लागते. ऊस लवकर तोडला तर त्यात साखर पुरेशी भरलेली नसते; फार उशिरा तोडला तर तो वाळतो आणि वजन घटते. लागण, म्हणजे उसाची लावणी, कोणत्या तारखेची आणि उसाची जात कोणती, या दोन गोष्टींवरून पाळी लागते. मी येण्यापूर्वी हे काम गावोगावचे चिटबॉय करत. चिटबॉय म्हणजे शेताशेतांतून फिरून उसाची नोंद घेणारा आणि तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. त्याच्या वह्यांवरून कचेरीत यादी तयार व्हायला तीन आठवडे लागत. ती तयार झाली तरी टिकत नसे. कोणाचा मेहुणा संचालक असे, कोणी वरून फोन करवी, आणि पाळी मागेपुढे होई.

मी ती यादी दोन तासांत छापली. माझ्याकडे मेहुणे नव्हते. यादी प्रत्येक गावच्या चावडीत लागली आणि लोकांनी बोट ठेवून आपापली ओळ शोधली. नाव इंग्रजी अक्षरांत असे, म्हणून शाळेतल्या मुलांकडून वाचून घेत. त्या हंगामात एका बड्या बागायतदाराचा ऊस त्याच्या गड्याच्या उसानंतर तुटला, कारण गड्याची लागण नऊ दिवस आधीची होती. ही गोष्ट कागलच्या बाजारापर्यंत गेली. दोन हंगाम असे सुरळीत गेले. दुसऱ्या कारखान्यांची माणसे मला पाहायला येत. आमचे शेती अधिकारी त्र्यंबकराव त्यांना काचेतून मला दाखवत आणि म्हणत, “आमच्याकडे आता वशिला बंद. यंत्राला सांगून बघा म्हणावं!”

त्या दोन वर्षांत नदीला मोठा पूर आला नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

तिसऱ्या वर्षी, १९८४ च्या ऑगस्टमध्ये, पाणी चढले. नदीकाठच्या शेतांत ते आठ दिवस उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये नेहमीप्रमाणे चिटबॉयांच्या वह्या माझ्या खोलीत आल्या. प्रमोदिनीताई एकेक ओळ वाचून कळा दाबत होत्या. नदीकाठच्या गावांच्या वहीत त्या अडखळल्या. काही नोंदींच्या डाव्या बाजूला निळ्या पेन्सिलीने एक ठसठशीत ठिपका दिला होता. असे एकतीस ठिपके होते. मला भरवायच्या तक्त्यात गाव, गट नंबर, नाव, उसाची जात, क्षेत्र आणि लागणीची तारीख एवढेच रकाने होते. ठिपक्याला जागा नव्हती.

ती वही हंबीररावांची होती. सव्वीस वर्षे त्यांनी त्या गावांतून सायकल मारली होती. मी आल्यापासून त्यांचे काम वहीत नोंदी करण्यापुरते आणि मी छापलेल्या चिठ्ठ्या वाटण्यापुरते उरले होते. ताईंनी त्यांना बोलावून घेतले. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

“हंबीरराव, हा निळा ठिपका कसला?”

“का? तुमच्या मशीनला वळकंना व्हय?”

“तक्त्यात त्याचा रकाना नाही. महत्त्वाचा असेल तर मी साहेबांना विचारते.”

“सव्वीस वरसं आमच्या डोक्यानं कारखाना चालला, तवा कुणी इचारलं न्हाय. आता त्येलाच इचारा की. गार हवा कुणाला लावलीया? मला का त्येला?”

बाहेरच्या टेबलांवर हशा पिकला. ताईंचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. ठिपके सोडून त्यांनी नोंदी भरल्या आणि मी यादी छापली.

तो ठिपका काय होता, ते आता तुम्हाला सांगतो. जो ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात बुडतो त्याचा शेंडा मरतो. कांड्यांवर मुळ्या सुटतात, डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, आणि झालेली साखर त्या फुटव्यांत खर्ची पडते. असा ऊस दिवसेंदिवस पोकळ होत जातो. म्हणून पुराच्या वर्षी बुडीत ऊस तारीख न पाहता सगळ्यांच्या आधी तोडायचा, अशी या भागातली जुनी रीत होती. ती कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नव्हती. चिटबॉय ठिपका देई, कचेरीतला कारकून ठिपक्याची शेते वर काढी, आणि काम होई. तो कारकून मी येण्यापूर्वीच निवृत्त झाला होता. त्र्यंबकराव नाशिककडून आलेले. बुडीत उसाचे जे काही असेल ते यादीत आलेच असणार, असे ते धरून चालले.

एकतीसपैकी सव्वीस शेतांत आडसाली लागण होती, म्हणजे आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली. त्यांची पाळी माझ्या हिशेबानेही नोव्हेंबरातच येत होती. ती वेळेवर तुटली आणि चूक झाकली गेली. उरलेल्या पाचांपैकी चौघांनी आपला ऊस खासगी गुऱ्हाळाला नेला. एक शेत राहिले. ते बयाबाईंचे.

बयाबाईंचे एक एकर रान नदीला लागून होते. घरात त्या आणि त्यांची सून; ऊस तोडून गुऱ्हाळाला नेणारे कोणी नव्हते. वर्षाचे सगळे त्या एकरावर. त्यांची लागण जानेवारीतली होती, म्हणून मी त्यांची पाळी फेब्रुवारीच्या अखेरीस लावली होती.

नोव्हेंबर संपता संपता त्या कचेरीत आल्या. चपला काढून काचेपाशी उभ्या राहिल्या. त्र्यंबकराव माझ्याच खोलीत होते.

“सायेब, माझा ऊस तोडा. पुरात बुडालेला हाय. उभा सडालाय.”

“मावशी, पाळी आली की तोडणीची टोळी येईल.”

“कवा?”

त्र्यंबकरावांनी ताईंना खूण केली. ताईंनी गट नंबर दाबला. मी तारीख छापली.

“फेब्रुवारीची सत्तावीस.”

“तवर काय ऱ्हातंय त्यात? चिपाडं? दरसाल बुडीताला आदी तोड असती की. हंबीररावास्नी इचारा.”

“मावशी, तुमच्यासारखे रोज दहा जण येतात. कुणाचा वाळतो, कुणाचा सडतो, कुणाच्या घरी लग्न असतं. एकाला पुढं घेतलं की दुसऱ्याचा गळा कापला जातो. म्हणून तर हे यंत्र आणलं.” मग बाईंचा चेहरा पाहून ते जरा नरमले. “बरं, तुमच्या समाधानासाठी पुन्हा विचारतो. ताई, परत काढा.”

ताईंनी पुन्हा गट नंबर दाबला. मी पुन्हा तीच तारीख छापली, तितक्याच वेगाने आणि तितक्याच ठळक अक्षरांत.

“बघा. दोनदा तेच आलं.”

मित्रांनो, शाळेत तुम्ही बेरीज पडताळून पाहता तेव्हा ती दुसऱ्या रीतीने करता. तीच चुकीची मांडणी दोनदा केली तर उत्तर दोनदा तेच येणार. मला दोनदा विचारले, पण शेतात कोणी एकदाही गेले नाही. त्या दिवशी हंबीरराव दाराबाहेर चिठ्ठ्यांचा गठ्ठा मोजत उभे होते. त्यांनी सगळे ऐकले. बयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. ते गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

संक्रांत झाल्यावर बयाबाई दुसऱ्यांदा आल्या. या वेळी त्यांनी काही मागितले नाही. पदराखालून हातभर उसाचा तुकडा काढून तो ताईंच्या टेबलावर ठेवला, मी छापलेल्या याद्यांवर.

“हुंगून बघ, पोरी.”

ताईंनी तो उचलला. कांड्यांना तांबड्या मुळ्या फुटल्या होत्या. मोडला तेव्हा आतून पोकळ निघाला, आणि गार हवेच्या त्या खोलीत दारूसारखा आंबूस वास पसरला. ताई उठल्या, ऑक्टोबरची वही कपाटातून काढली आणि बयाबाईंच्या नावावर बोट ठेवले. डावीकडे निळा ठिपका होता. वही घेऊन त्या थेट बाहेर, हंबीररावांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आता तरी सांगा. हा ठिपका कसला?”

हंबीररावांनी टोपी काढली. “बुडीत.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“व्हय. इचारलं हुतंस.”

“मग का नाही सांगितलंत?”

“म्हटलं, चुकूदे एकदा. मग येतील इचारत.” वहीतल्या ठिपक्याकडे बघत ते म्हणाले, “कुणाचं शेत मधी येतंय, ह्येचा इचार न्हाय केला, पोरी.”

“आणि मी एकदाच विचारून गप्प बसले,” ताई म्हणाल्या.

त्याच दुपारी दोघे त्या रानात जाऊन आले. ताईंनी प्रयोगशाळेतले उसाची गोडी मोजायचे यंत्र बरोबर नेले होते. चांगल्या उसाचा आकडा विसाच्या आसपास असतो. त्यांनी दहा ठिकाणचे ऊस तपासले आणि आल्यावर कागदावर सरासरी लिहिली: साडेअकरा. तो कागद त्यांनी त्र्यंबकरावांच्या पुढे ठेवला, आणि शेजारी निळ्या ठिपक्याची वही उघडून ठेवली. त्यांनी दोन्ही पाहिले आणि टोळीच्या मुकादमाला बोलावणे पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी बयाबाईंच्या रानात उतरली.

वजनकाट्यावरचे आकडे संध्याकाळी मला भरवत. त्या एकरातून दरसाल चाळीस टन ऊस येई. त्या वर्षी सोळा टन आला.

वजनाची पावती घ्यायला बयाबाई आल्या, तेव्हा त्र्यंबकराव स्वतः उठून बाहेर आले. “मावशी, यंत्राची चूक झाली,” ते म्हणाले.

बयाबाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिले, कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहावे तसे.

“मशीनला काय कळतंय, सायेब? मी दोन डाव आल्तो की हितं. हितं माणसं हुतीच की.”

पावती कनवटीला लावून त्या गेल्या. त्यांनी मला क्षमा केली असे समजू नका. त्यांनी मला हिशेबातच धरले नाही. पण ज्या तारखेच्या आड माणसे उभी राहिली, ती तारीख मी छापली होती. शिवाय त्या दोन वर्षांतल्या कौतुकात माझाही वाटा होता. यंत्र चुकत नाही असे ज्याने त्याने म्हटले, आणि तो शब्द मला कधी जड झाला नाही.

पुढच्या हंगामापूर्वी ताईंनी तक्त्यात नवा रकाना घातला: ‘पाणी उभे राहिले, दिवस’. तो भरताना हंबीरराव खुर्ची ओढून शेजारी बसत. ताई प्रत्येक गावाच्या वहीतल्या खुणा त्यांना विचारत, आणि त्या पुष्कळ निघाल्या: गाडीवाट नसलेली शेते, रानडुकरांचा उपद्रव, विहीर आटलेली. प्रत्येकीसाठी त्यांनी जागा केली. मी पूर्वीपेक्षा खूप चांगली यादी छापू लागलो. पुण्याहून एक समिती आली, तिने त्या रकान्याचे कौतुक केले आणि यंत्र शहाणे झाले असे अहवालात लिहिले. हंबीरराव तेव्हा उंबऱ्याच्या आत उभे होते, पण त्यांना कोणी काही विचारले नाही.

त्या यादीत मी बयाबाईंचा गट नंबर शोधला. तो नव्हता. त्यांनी कारखान्याला ऊस घालणे सोडले होते. त्या रानात आता भात आहे, असे हंबीरराव ताईंना सांगत होते. त्यानंतर तीन हंगाम मी याद्या छापल्या, दरसाल नदीकाठचे पान आले की तो नंबर पाहिला, आणि तो एकदाही आला नाही. मग माझ्याहून वेगवान संगणक आला आणि मला इथे आणून ठेवले. हंबीरराव निवृत्त झाले. ताई कोल्हापूरला कॉलेजात शिकवायला गेल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात माझी भावंडे येतील. त्यांच्यावर हळदकुंकू वाहू नका, कळा अडकतात. त्यांच्यापासून धूळ आणि पाणी दूर ठेवा. पण एवढी काळजी घेऊन थांबू नका. कोणी काचेपाशी येऊन म्हणाले, की तुमच्या कागदावर आहे तसे माझ्या रानात नाही, तर कृपा करून आम्हाला पुन्हा विचारू नका. पायांत चपला घाला आणि त्या माणसाबरोबर जा.