सुतकातला रेडिओ

गोपाळकृष्ण मास्तर गेले त्याच दिवशी शामलाआत्यांनी भावाच्या खोलीतल्या रेडिओची पिन काढली. सुतकात घरात रेडिओ वाजत नाही, ही तुळजापूरच्या त्या घराची जुनी रीत. मास्तरांची मुलगी जाई पुण्याहून आली तेव्हा तिला कसलंच भान नव्हतं.

ते भान दुपारी अर्पिताच्या फोननं आलं. अर्पिता ही ढोकीच्या कुलदीपची बायको, आणि कुलदीप बाबांचा विद्यार्थी; हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांची, परीक्षा बाबांनीच त्याच्याकडून घोटून घेतलेली. तेरणेला पूर होता. काठावरचे मोबाइलचे टॉवर बंद पडले होते; अर्पिता काठापासून दूरच्या मदतकेंद्रातून बोलत होती. कुलदीप ट्रॅक्टर घेऊन वस्तीवरची माणसं बाहेर काढत होता. एक खेप सुखरूप झाली; दुसरीला गेला तो परतलाच नाही. बचावाची बोट पुलाच्या खालच्या अंगाला शोधत होती.

"ताई, त्यांच्यापाशी सरांनी दिलेली डबी हाय. तिच्यामुळं मी नकाशावर दिसतोय म्हणायचे. मला तर कायच दिसंना. सरांचं मशिन चालू हाय न्हवं?"

जाई फोन कानाशी धरूनच बाबांच्या खोलीत गेली. पिन फरशीवर लोळत होती. डबी थोड्या थोड्या वेळानं आपला ठावठिकाणा हवेत सोडायची; बाबांचं यंत्र, म्हणजे हाच रेडिओ, तो टिपून इंटरनेटवर टाकायचं. त्या भागात दुसरं स्टेशन नव्हतं. सकाळपासून डबी सांगत होती आणि ऐकायला कुणी नव्हतं.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अजून दहावा झालेला नाही, जाई."

"आत्या, हा वाजत नाही. हा नुसता ऐकतो."

जाईनं पिन लावली.

हिरवा दिवा लागला. यंत्राला जोडलेला पडदा कोराच राहिला. फोनमधून अर्पिताचा श्वास ऐकू येत होता. मग एक ओळ उमटली, कुलदीपच्या खुणेची, आणि नकाशावर ठिपका पडला. पुलापासून बराच वर, उसाच्या फडात. दुसरी ओळ आली. तिसरी आली. ठिपका जागचा हलेना.

"सरकतोय का?" ठिपका दिसल्याचं ऐकून अर्पितानं विचारलं.

खोटा धीर देणं जाईला जमलं नाही. "नाही," ती म्हणाली, आणि जागा सांगितली. अर्पितानं ती मदतकेंद्रातल्या वायरलेसवाल्याला सांगितली. बोट वर वळली.

डबी चालू होती म्हणजे ती कोरडी होती. माणसाचं ती काही सांगत नव्हती. ट्रॅक्टर सोडावा लागला तर डबी गळ्यात घाल, असं बाबा त्याला बजावायचे. त्यानं ऐकलं असेल का?

बऱ्याच वेळानं ठिपका फडातून निघाला आणि नदीच्या निळ्या पट्ट्यात शिरला. जाईनं टेबलाची कड घट्ट धरली. वाहून चाललेली डबी खाली जाईल; बोटीतली आडवी जाईल. पुढची ओळ येईना. आली तेव्हा ठिपका पट्ट्याच्या मध्यावर होता. आडवाच चालला होता. मग तो रस्त्याला लागला.

कितीतरी वेळानं अर्पिता फोनवर आली.

"आले. बाभळीवर बसून होते. हरणाबाई हाय सोबत, लई म्हातारी. तिला एकटीला सोडवंना म्हणून थांबलं येडं."

आत्या उंबऱ्यावर टेकल्या.

"गोपाळ रोज हेच ऐकत बसायचा?"

"हो."

त्या उठून बाबांच्या दिव्यात तेल घालायला गेल्या. जाताना खोलीचं दार त्यांनी उघडंच ठेवलं.