एकाच खोलीपुरती ऊब

बॉयलर बंद पडला तो नेमका थंडीची लाट सुरू झाल्यावर. मिस्त्री आला, टॉर्च लावून आत डोकावला आणि चिंध्यांना हात पुसत म्हणाला, "बाई, पार्ट मागवावा लागेल. आठवडाभर तरी धरून चाला."

बाई म्हणजे त्या काचघराची प्रमुख. सार्वजनिक बागेतलं ते जुनं काचघर दोन मोठ्या खोल्यांचं होतं. एक पाण्याची. मधोमध उथळ हौद, त्यात लहान मूल बसेल एवढ्या पानांचं कमळ, कडेच्या ओल्या भिंतीवर नेचे आणि त्यांत लपलेले चिमुकले बेडूक. दुसरी खोली कोरडी, वाळूची, निवडुंगांची. त्या कोरड्या खोलीत तिच्या सासऱ्यांनी सगळी नोकरी काढली होती. त्यांच्याच हाताखाली ती काम शिकली आणि पुढे त्यांच्याच घरात सून म्हणून आली. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी पाय मोकळे करायला बागेत येत, आणि त्यांचे पाय फक्त निवडुंगांच्या खोलीतच मोकळे होत.

ऑफिसने विजेचे दोन हीटर पाठवले. जुन्या वायरिंगला त्याहून जास्त भार झेपला नसता. दोन हीटर म्हणजे एका खोलीपुरती ऊब. तिने साहेबांना फोन केला.

"तुम्हीच ठरवा. त्यातलं तुम्हाला जास्त कळतं," साहेब म्हणाले.

"म्हणजे उद्या काही झालं की नाव माझं," फोन ठेवल्यावर ती पुटपुटली. सकाळपासून ती बसलीच नव्हती.

सासरे दारातच उभे होते. "हीटर कुठे लावतेस?"

"पाण्याच्या खोलीत."

त्यांची नजर निवडुंगांच्या खोलीकडे वळली, तशी ती घाईने पुढे बोलू लागली. "कमळाच्या सगळ्या पिढ्या कोमट पाण्यात गेल्या, बाबा. त्याला गारठा माहीतच नाही, हौद थंड झाला की ते संपलं. बेडूक तर ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, ती कातडी केवढीशी पातळ. निवडुंगाचं तसं नाही. दिवसा होरपळायचं आणि रात्री काकडायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलंय. कोरडा ठेवला तर तो तग धरेल. तुम्हीच तर शिकवलंत."

"शिकवलं ते वाळवंटातल्या निवडुंगाबद्दल," सासरे म्हणाले. "हा माझ्या हातचा आहे. लाडावलेला."

हा म्हणजे कोपऱ्यातला उंच निवडुंग. बोटाएवढं रोप होतं तेव्हापासून त्यांनी वाढवलेला, आता छताला टेकायला आलेला. तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि हीटर पाण्याच्या खोलीकडे ढकलत नेले.

त्या संध्याकाळी सासरे भराभर जेवले आणि ताट उचलून आत गेले. नवऱ्याने विचारलं, "तुम्हा दोघांचं काय बिनसलंय?"

"हवामान," ती म्हणाली. आणखी काही सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पोती, जुनी ब्लँकेटं, रद्दी, जे मिळेल ते गोळा केलं आणि निवडुंगांना गुंडाळायला घेतलं. सासरे आले. त्यांनी दोरीचं टोक हातात घेतलं. ती गुंडाळत होती, ते गाठी मारत होते. हिवाळा लागल्यापासून पाणी तोडलं होतं, त्यामुळे उंच निवडुंग आक्रसला होता. पेटीच्या भात्यासारख्या त्याच्या घड्या मिटल्या होत्या. अंगात पाणी कमी असलं की गोठायलाही कमीच उरतं. तिने हे मनात म्हटलं, मोठ्याने नाही. वाद घालायला आता दोघांनाही जोर नव्हता.

थंडी रेंगाळली. पार्ट उशिरा आला, तोही आधी चुकीचाच. अखेर बॉयलर सुरू झाला तेव्हा दोघांनी मिळून पोती सोडली. छोटे गोल निवडुंग ठणठणीत होते. लोकरी केसांचे तर जणू काही झालंच नाही अशा थाटात बसले होते. उंच निवडुंगाचं ब्लँकेट मात्र एका बाजूने ओलंचिंब निघालं. वरच्या काचेला तडा गेला होता आणि दवाचं पाणी थेंब थेंब त्याच्याच अंगावर ठिबकत राहिलं होतं.

सासऱ्यांनी खोडाला अंगठा लावला. अंगठा आत गेला. आंबूस वास आला.

तिलाच राहवलं नाही. "बोला ना काहीतरी, बाबा. ओरडा हवं तर."

"काय ओरडू?" ते अंगठा पुसत म्हणाले. "तुझं गणित बरोबर होतं. वाळवंटाला छप्पर नसतं, म्हणून ते गळत नाही."

मग त्यांनी करवत मागितली. ती शिडीवर चढली, त्यांनी शिडी धरली. कुजका भाग चकती चकती करत कापत जावं लागलं. प्रत्येक चकतीच्या मध्यावर तपकिरी डाग दिसे आणि सासरे खालून म्हणत, "अजून वर." डाग नसलेला हिरवा गाभा लागेपर्यंत हातभर शेंडाच उरला होता. तो त्यांनी पोत्यात गुंडाळून घरी नेला आणि आपल्या खोलीत उन्हाच्या फळीवर ठेवला. कापलेला भाग पुरता सुकून त्यावर खपली धरल्याशिवाय तो लावता येत नाही. ओला लावला तर पुन्हा सडतो.

बागेत लोक यायला लागले होते. कमळाने नवं पान उलगडलं होतं आणि सगळे त्याचेच फोटो काढत. कोपऱ्यातल्या रिकाम्या वाळूबद्दल कोणी विचारलं नाही. आपला निर्णय बरोबर होता, हे तिला कळत होतं. त्याने बरं मात्र वाटत नव्हतं.

उन्हं तापायला लागल्यावर सासऱ्यांनी शेंडा कुंडीतल्या वाळूवर टेकवला आणि काड्यांचा आधार दिला. मग एका सकाळी ते स्वतः कुंडी घेऊन काचघरात आले. दोघांनी शेंडा हलकेच उचलून पाहिला. खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटली होती.

"आधीच्याला छतापर्यंत जायला माझं आयुष्य लागलं," ते म्हणाले. "याला तुझं लागेल."

"माझं आत्ताच दमलंय, बाबा."

ते हसले, बऱ्याच दिवसांनी. स्टूल ओढून कुंडीशेजारी बसले. तिने बाह्या वर केल्या आणि ती पाण्याच्या खोलीकडे गेली. हौदात शेवाळ माजलं होतं, ते आज काढायलाच हवं होतं.